राममूर्तींचं माप

चेन्नईत कोणाला स्वेटर लागतो यावर विद्युलताबाईंचा तसा विश्वास नव्हता. पण कोणी काही मागितलं आणि आपण "जमणार नाही" म्हणालो, असंही आयुष्यात कधी झालेलं नव्हतं. उभा जन्म शाळेत गणित शिकवलेल्या बाईला एक स्वेटर विणता येऊ नये? तेव्हा राममूर्तींनी दुकानाच्या पायरीवर चपला काढल्या, छत्री कोपऱ्यात उभी केली आणि "मज एक स्वेटर विणून मिळेल काय?" असं विचारलं, तेव्हा मालकीण कनका तोंड उघडायच्या आत विद्युलताबाई "न मिळायला काय झालं!" म्हणून मोकळ्या झाल्या. आजवर त्यांनी विणलेलं सगळ्यात मोठं वस्त्र सहा महिन्यांच्या बाळाचं होतं, ही बाब त्यांना त्या घटकेला किरकोळ वाटली.

कनकाचं दुकान मैलापुरात देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत आहे. पाटीवर लोकरीचं नाव असलं तरी दुकान जगतं ते प्लॅस्टिकच्या वायरींवर. त्या रंगीत वायरींच्या टोपल्या विणल्या नाहीत तर मद्रासच्या बायका भाजी कशातून आणतील, हा प्रश्नच आहे. लोकर वरच्या फळीवर डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून असते. तिला गिऱ्हाइकं दोनच: नव्यानं आजी झालेल्या बायका आणि मार्गळी महिन्यात, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, पहाटे भजनाला निघणारे पुरुष. आपल्याकडे जिथे पंखा दोनवर आणतात, तिथे इकडचे पुरुष कानटोपी चढवतात.

चार वाजले की दुकानातली स्टुलं भरत. कनका मोजकं बोलायची, किंबहुना बोलायचीच नाही. गळ्यात टेप अडकवून ती गल्ल्यावर बसे. तिच्या वाटणीचं बोलणं शेजारच्या इमारतीतल्या अलमेलू मामी करत. दुकानाच्या माडीवर भाड्यानं राहणारी संयुक्ता अंबत्तूरच्या कंपनीतून आली की मोबाइलवर व्हिडिओ लावून क्रोशा घेऊन बसे. आणि विद्युलताबाई? यजमान, शरदचंद्र, गेल्यावर तिसऱ्या महिन्यात त्या बटण लावायला सुई घ्यायला म्हणून आल्या होत्या. मामींनी "बस" म्हटलं, कनकानं कॉफी पुढे केली, आणि त्या जेव्हा उठल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. घरी जाऊन त्यांना आठवलं की सुई घ्यायची राहिली. दुसऱ्या दिवशी सुई घ्यायला पुन्हा जावं लागलं. ती सुई अजूनही घ्यायची राहिलेलीच आहे. मुलगा ऑस्ट्रेलियातून "आई, नाशिकला जाऊन राहा, तिथे आपली माणसं आहेत" म्हणतो, तेव्हा त्या "बघू" म्हणतात आणि चारच्या सुमारास चपला घालतात.

आता राममूर्ती. रेल्वेच्या पार्सल खात्यातून निवृत्त, उंच, सडसडीत, कपाळाला गंध. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घराणं मूळचं तंजावरचं, म्हणजे मराठी. पण ती मराठी अशी की विद्युलताबाईंनी पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यांना हसू आवरेना. कोणा सरदारानं खलित्यात लिहावी तशी भाषा, आणि वर तमिळ हेल.

"मुलगी वाणी देहरादुनास असते," ते एकदा मराठीत, एकदा तमिळमध्ये सांगत होते. "तिच्या घरीं कायमचं राहायास ये म्हणून बोलावते अहे. मार्गळींत बिऱ्हाड हलवूं नये. पोंगल झाला की निघणें. पण डॉक्टर म्हणाले, छाती नाजूक, स्वेटराविणा उत्तरेस जाणें नाहीं."

"देहरादूनला स्वेटर मिळत नाहीत का?" मामींनी तमिळमध्ये विचारलं. प्रश्न अगदी सरळ होता.

"तिथले टोचतात," राममूर्ती म्हणाले.

कनकानं मामींकडे पाहिलं, मामींनी संयुक्ताकडे. विद्युलताबाईंनी मात्र हे आपल्या हातच्या मऊ विणीचं कौतुक समजून पदर सावरला.

पहिली अडचण मापाची. विद्युलताबाई कनकाच्या गळ्यातली टेप ओढणार, तेवढ्यात मामींनी त्यांचा हात धरला. "छे छे! परक्या पुरुषाचं माप बाईमाणसानं घ्यायचं? गल्ली बघते." गल्लीत त्या वेळी एक गाय आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला एवढीच मंडळी होती, पण मामींच्या मते तेवढी पुरे होती. शेवटी असं ठरलं की राममूर्तींनी मापाला एक शर्ट आणून द्यावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदात गुंडाळलेला पांढरा शर्ट आणला. विद्युलताबाई तो थेट घरी घेऊन गेल्या, कारण मापाच्या बाबतीत त्यांचा दुसऱ्या कोणावर भरवसा नव्हता.

दुधी रंगाची लोकर निघाली, टाके घातले गेले. दोन सुलट, दोन उलट असं करत पाठ झाली, पुढचा भाग झाला. राममूर्ती रोज संध्याकाळी "किती झालं?" म्हणून डोकावत आणि बसत. मग विद्युलताबाई त्यांच्याशी मराठीत बोलत: कोथिंबिरीच्या भावावर, पाण्याच्या टँकरवर, कधी नुसतंच. बाकीच्यांना अक्षर कळत नसे, तरी सगळ्या अगदी मन लावून ऐकत.

कच्चे टाके घालून पहिलं माप बघितलं त्या दिवशी स्वेटर राममूर्तींच्या कानांवरून खाली उतरला तो काखेत अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. हात वर, तोंड लोकरीत, अशा अवस्थेत ते आतून "क्षमा असावी" म्हणत राहिले आणि चौघींनी मिळून त्यांना सोडवलं.

"तुझे टाके आवळ पडतात," मामींनी निदान केलं. "तू माणसंही अशीच धरतेस."

आयुष्यात एकदाही बेरीज न चुकलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. विद्युलताबाईंनी शर्ट पुन्हा मोजला, वीण पुन्हा मोजली. दोन्ही तंतोतंत जुळत होती. तरी स्वेटर लहान झाला होता हे कोणाला नाकारता येत नव्हतं. त्यांनी तो उसवला. "शर्ट धुऊन आटला असेल," राममूर्ती खाली बघत म्हणाले. "दुसरा देतों."

दुसरा शर्ट निळ्या चौकटींचा होता. तोही कागदातूनच विद्युलताबाईंच्या घरी गेला आणि दुकानात आले ते नुसते आकडे. या खेपेला काम समितीकडे गेलं. एकटीच्या हातावर सोडायला नको, असा मामींचा ठराव दुकानात एकमतानं मंजूर झाला. विद्युलताबाईंचं मत कोणी विचारलंच नाही. पाठ आणि पुढचा भाग विद्युलताबाई, डावी बाही मामी, उजवी बाही संयुक्ता. मामी टीव्हीवरची मालिका बघत विणत. मालिकेतल्या सासूनं काही केलं की त्यांचे टाके आवळत आणि सून रडू लागली की सैल पडत. संयुक्ता कंपनीच्या बसमध्ये विणे. रस्ता खणलेला असला की बाहीत भोक. शिवाय तिनं व्हिडिओत बघून मध्येच वेण्या घातल्या, कारण साधी बाही "बोअर" होती.

मामींचं लक्ष त्या दिवसांत तसंही थाऱ्यावर नव्हतं. त्यांच्या यजमानांचा एक शर्ट दिवाळीच्या सुमारास हरवला होता आणि तो इस्त्रीवाल्यानंच हरवला याबद्दल त्यांची खात्री होती. त्या त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. कपडे दूरच्या चौकात देऊ लागल्या. तोही मग त्यांच्या दारावरून गाडी नेताना मान वळवून घेई.

समितीचा स्वेटर राममूर्तींनी घातला तो असा की त्यात ते, त्यांची छत्री आणि देहरादूनचं सामान आरामात मावलं असतं. डावी बाही कोपराला संपत होती, उजवी गुडघ्याकडे निघाली होती. राममूर्ती आरशासमोर उभे राहिले आणि विद्युलताबाईंच्या मनात आलं की या माणसाच्या चेहऱ्यावर आत्ता जे दिसतंय त्याला निराशा म्हणता येणार नाही. पण स्वतःचा अपमान इतका ताजा होता की त्यांनी त्यावर पुढे विचार केला नाही.

"बस झालं!" त्या म्हणाल्या. "हात वर करा."

"काय?"

"हात वर."

कनकाच्या गळ्यातली टेप त्यांनी ओढून घेतली. मामींनी डोळ्यांवर पदर घेतला, पण डोळे उघडे ठेवून. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उचलून धरली. समोरच्या माडीवर दोन खिडक्या उघडल्या. विद्युलताबाईंनी भर चार वाजता, उघड्या दुकानात, परक्या पुरुषाच्या छातीभोवती टेप गुंडाळली. राममूर्तींनी छातीभर श्वास घेतला आणि धरून ठेवला. टेप ताणली.

"श्वास सोडा," विद्युलताबाई वर्गात बोलतात तशा म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली. चेहरा लाल होऊ लागला.

"राममूर्ती सार, श्वास सोडा!"

त्यांनी सोडला. टेप सैल झाली, खरा आकडा मिळाला. त्या दिवशी घरी आल्यावर विद्युलताबाईंच्या बोटांना कितीतरी वेळ गंधाचा वास येत होता. त्यांनी हात धुतले. मग उगाच धुतले असं वाटून स्वतःवरच चिडल्या.

स्वेटर आता सरळ रेषेत वाढू लागला, आणि तो जसजसा वाढला तसतशी विद्युलताबाईंची झोप कमी झाली. कारण हिशेब सोपा होता. स्वेटर पुरा होईल त्या दिवशी राममूर्ती जातील. त्यांना तो माणूस हवा होता. हे त्यांनी स्वतःशी आडपडदा न ठेवता कबूल केलं. या वयात स्वतःशी लपाछपी खेळायला त्यांना वेळ नव्हता. एक धागा ओढला असता तर आठवडा वाढला असता. पण मुद्दाम बिघडवलेलं काम आपलं म्हणून पुढे करायचं, हे त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्या चोख विणत राहिल्या आणि मनातल्या मनात देहरादूनला नावं ठेवत राहिल्या.

बिघाड केला तो मामींनी, आणि तोही प्रेमानं. पुढचा भाग संपून गल्ल्यावर घडी घालून ठेवला होता. इकडे नव्या कपड्याच्या टोकाला हळदीचं बोट लावल्याशिवाय तो अंगावर चढवत नाहीत. मामींना वाटलं, परगावी चाललेला माणूस, कपड्याला हळद लावणारं घरात कोणी नाही. त्यांनी ओल्या हळदीचं चांगलं ठसठशीत बोट गळ्याशी लावलं. दुधी लोकरीवर पिवळा ठिपका. तो बघून विद्युलताबाईंनी साबण लावला. साबण लागताच हळद लाल झाली. मग संयुक्तानं व्हिडिओ बघून त्यावर लिंबू पिळलं, मामींनी ताक ओतलं, आणि शेवटी गळ्यापासून पोटापर्यंत असा नकाशा उमटला की तो भाग राममूर्तींनी घातला असता तर लोकांनी अपघात कुठे झाला म्हणून विचारलं असतं.

तेवढी लोकर वाया गेली. त्या रंगाची आणखी लोकर लुधियानाहून मागवावी लागली. ती रेल्वेनं आली आणि पार्सल ऑफिसात अडकली. विद्युलताबाई तिथे गेल्या तर खिडकीतला कारकून म्हणाला, पार्सल दुकानाच्या नावावर आहे, दुकानाचा शिक्का मारलेलं पत्र आणा.

"लोकर आहे हो! चेन्नईत लोकर चोरून कोण नेणार आहे?"

"शिक्का," कारकून म्हणाला.

सोबत राममूर्ती होते. आपलं जुनं खातं, म्हणून मुद्दाम आले होते. विद्युलताबाईंनी त्यांच्याकडे आशेनं पाहिलं. राममूर्तींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्यांचं बरोबर अहे. नियम अहे."

"तुम्ही कोणाच्या बाजूनं आलात?"

"मी स्वतः इतक्या लोकांस शिक्क्यासाठीं परत धाडलें, आज तुमच्याकरितां त्यांस कोणत्या तोंडानें सांगूं?"

दोघं बसनं मैलापूरला परतले. शिक्का गल्ल्यात नव्हता. वायरींच्या भेंडोळ्यांखाली सापडला. पुन्हा पोचले तोवर खिडकी जेवायला बंद. फलाटाजवळच्या बाकावर राममूर्तींनी डबा उघडला. दहीभात, वर कढीलिंबाची फोडणी, कडेला लिंबाचं लोणचं. झाकणात अर्धा काढून त्यांनी तो विद्युलताबाईंपुढे ठेवला.

"बायको गेल्यावर घरांत मराठी बोलणारं कोणी नाहीं," ते म्हणाले. "वाणीस कळते, बोलत नाहीं. मी रोज देवाशीं बोलत असें. हल्लीं तुम्ही भेटतां म्हणून देवास थोडी विश्रांती अहे."

विद्युलताबाई हसल्या. मग त्यांनी झाकणातला भात शेवटच्या शितापर्यंत संपवला. या माणसाच्या भाषेला आपण पहिल्या दिवशी हसलो होतो, हे त्यांना आठवलं. ती भाषा ऐकू आली नाही तर चार वाजता दुकानात जाऊन करायचं काय, हे त्यांना कळेना.

पोंगल झाला. स्वेटर पुरा झाला. गळा, बाह्या, कडा, सगळं चोख. सोमवारच्या गाडीचं तिकीट निघाल्याचं राममूर्तींनी सांगितलं होतं. शनिवारी ते आले, पंखा पूर्ण वेगात सोडला आणि त्यांनी स्वेटर अंगात घातला. खांदे खांद्यांवर बसले, बाह्या मनगटाशी थांबल्या. कपाळावर घाम आला तरी ते काढेनात.

"टोचतो का?" विद्युलताबाईंनी विचारलं.

"नाहीं."

"मग चेहरा असा का?"

"बरोबर बसला म्हणून."

विद्युलताबाईंनी पिशवीतून मापाचे दोन्ही शर्ट काढले, धुऊन घडी घातलेले, आणि परत द्यायला म्हणून गल्ल्यावर ठेवले. मामी स्टुलावरून उठल्या. निळ्या चौकटींचा शर्ट त्यांनी उचलला, कॉलर उलटी केली आणि किंचाळल्या.

"ऐयो! हा आमच्या ह्यांचा! हे बघ, बटण मी हिरव्या दोऱ्यानं लावलंय!"

मामींचे यजमान दारातून आत येताना थोडे तिरके होतात, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. राममूर्ती स्वेटरात घामाघूम उभे होते.

"इस्त्रीवाल्यानें चुकून माझ्या गाठोड्यांत दिला," ते दोन्ही भाषांत म्हणाले. "परत करणार होतों. मग..."

"मग काय? मी त्या बिचाऱ्याशी दिवाळीपासून बोलले नाहीये!"

"मामी," कनका म्हणाली. तिचा आवाज ऐकून सगळ्याच दचकल्या. "जरा थांबा."

विद्युलताबाईंनी पांढरा शर्ट उचलला. "आणि हा?"

"तो माझाच. लग्नाच्या आधींचा."

विद्युलताबाईंनी दोन्ही शर्ट एकावर एक धरून पाहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझी पाठ बरोबर होती! दोन्ही वेळा! ऐकलंत का मामी? आवळ टाके म्हणे!" हा हिशेब चुकता होईपर्यंत त्यांना दुसरं काही सुचलं नाही. तो चुकता झाल्यावर उरलेलं हळूहळू ध्यानात आलं आणि त्या स्टुलावर बसल्या. "चुकीचं माप का दिलंत?"

"वाणीस वचन दिलें होतें, स्वेटर झाला की येतों म्हणून." राममूर्ती जमिनीकडे बघत होते. "तो होऊं नये म्हणून शर्ट दिले. शर्ट संपले. मग तुम्ही टेप काढलीत. श्वास भरून धरला तर तोही सोडावयास लावलात. आणखी काय करूं?"

"तोंडानं सांगायचं! जायचं नाही म्हणून!"

"राहा म्हणून कोणी म्हणावें लागतें ना."

पंखा गरगरत होता. संयुक्तानं मोबाइल पालथा ठेवला. तिला मराठी कळत नव्हतं, पण एवढं कळायला भाषा लागत नाही.

"राहा," विद्युलताबाई म्हणाल्या. पहिल्यांदा आवाज बारीक आला, ते त्यांनाच आवडलं नाही, म्हणून त्यांनी घसा साफ करून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं पुन्हा म्हटलं. "मी म्हणते, राहा. मला तुम्ही इथे हवे आहात."

बाहेर इस्त्रीवाल्याची इस्त्री पुन्हा हवेत थांबली.

राममूर्तींनी चष्मा काढला, तो स्वेटरला पुसला, पुन्हा लावला. "पण वाणी वाट पाहत असेल," ते म्हणाले. "तिकीट अहे."

"मग जाऊन या! हा स्वेटर तिला दिसलाच पाहिजे, तीनदा विणलाय मी. आठ दिवस राहा, नातवंडांना भेटा आणि परत या."

"एकटाच?"

विद्युलताबाईंनी आधी मामींकडे पाहिलं, मग कनकाकडे. "सोमवारी कशी येऊ? तिथे इतकी थंडी," त्या म्हणाल्या, "आणि माझ्याकडे स्वेटर कुठाय?"

"तर तिकीट रद्द करतों," राममूर्ती ताबडतोब म्हणाले. "नियम अहे. पैसे कापतात. कापोत."

कनका गल्ल्यामागून उठली. वरच्या फळीवरून तिनं मोरपंखी लोकरीचा एक गठ्ठा काढून खाली ठेवला, गळ्यातली टेप काढली आणि राममूर्तींच्या हातात दिली.

परक्या पुरुषानं बाईमाणसाचं माप घ्यायचं म्हणजे काय, याबद्दल मामींची मतं सर्वांना ठाऊक होती. मामी उठल्या, दारात गेल्या आणि गल्लीकडे तोंड करून, पदर दोन्ही हातांनी पसरून उभ्या राहिल्या. गल्लीला आतलं काहीही दिसण्याची सोय राहिली नाही. "तू काय बघतोस? तुझी काही चूक नव्हती म्हणे," त्या इस्त्रीवाल्यावर ओरडल्या. "उद्या कपडे न्यायला ये!"

विद्युलताबाईंनी स्वतःहून हात वर केले. राममूर्तींनी टेप त्यांच्याभोवती आणली. विद्युलताबाईंनी छातीभर श्वास घेतला आणि धरून ठेवला.

"श्वास सोडा," राममूर्ती म्हणाले.

विद्युलताबाईंनी डोळे मिटून मान हलवली. माप चुकलं, आणि ते पुन्हा घ्यावं लागलं.